ॲव्हरेज वाढवणाऱ्या वस्तूंचा खरा हिशेब

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून नागपुरात गाडीच्या ॲव्हरेजविषयीची तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि त्या तक्रारीवर उपाय म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूही ॲक्सेसरीजच्या दुकानांत आणि मोबाइलवरील जाहिरातींत पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागल्या आहेत. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा निळ्या दिव्याचा प्लग, पेट्रोलच्या नळीवर आवळायचे चुंबक, एअर फिल्टरच्या पुढे बसवायचा पत्र्याचा पंखा, पाण्यापासून हायड्रोजन तयार करणारी बाटली, टाकीत ओतायचे द्रव, स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गॅरेजवाले बिघाड तपासायला यंत्र जोडतात त्या जागी) बसणारी डबी, अशी ही यादी आहे. पंधरा ते तीस टक्के इंधन वाचेल आणि शिवाय पिकअपही वाढेल, असे बहुतेकांच्या वेष्टनावर लिहिलेले असते. मी यंत्र अभियांत्रिकी शिकलो आहे, माझ्या मित्राचे कामठी रोडवर गॅरेज आहे, आणि त्यामुळे नातेवाईक आणि शेजारी या वस्तू विकत घेण्याआधी किंवा घेतल्यानंतर मला त्यांच्याविषयी विचारतात. प्रत्येकाला तेच उत्तर तुकड्यातुकड्याने देण्यापेक्षा ते एकदा नीट लिहून काढावे, असे वाटले.

प्रथम इथेनॉलची बाजू स्पष्ट करायला हवी, कारण ॲव्हरेज कमी झाल्याची तक्रार खोटी नाही. एक लीटर इथेनॉलमध्ये एक लीटर पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांचे ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे. ही घट इंधनाच्या रसायनातून येते. ती भरून काढण्याचा दावा करणाऱ्या छोट्या बाटल्या पंपावर आणि ऑनलाइन मिळतात, परंतु चाळीस लीटरच्या टाकीत काही मिलिलीटर द्रव ओतून त्या टाकीतील एकूण ऊर्जा सहा टक्क्यांनी वाढवायची असेल, तर त्या बाटलीत अडीच लीटर पेट्रोलाइतकी ऊर्जा असावी लागेल. असे द्रव अस्तित्वात नाही. गंज रोखणे किंवा इंजेक्टर स्वच्छ ठेवणे ही कामे काही चांगली द्रव्ये करतात, आणि तेवढ्यापुरती त्यांना किंमत आहे. ॲव्हरेजसाठी मात्र त्यांच्याकडे पाहू नये.

बाकीच्या जवळजवळ सर्व वस्तूंचा दावा एकाच कल्पनेवर उभा आहे. ती कल्पना अशी, की इंजिनमध्ये पेट्रोल पुरते जळत नाही, त्यातील बराच भाग न जळता सायलेन्सरमधून बाहेर जातो, आणि ही वस्तू लावली की तो भागही जळेल. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या काळात, ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या दिवसांत, या बोलण्याला थोडातरी आधार होता, कारण कार्ब्युरेटरची जुळवणी बिघडली की इंजिन खरोखरच काळा धूर ओकत असे. देशात २००० च्या सुमारास इंधन इंजेक्शनच्या गाड्या सर्वत्र आल्या आणि ती परिस्थिती संपली. आजच्या पेट्रोल गाडीत एक्झॉस्टमध्ये बसवलेला ऑक्सिजन सेन्सर सतत धुराची तपासणी करत असतो, आणि त्याच्या सांगण्यावरून इंजिनचा संगणक दर ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा मिळेल असे प्रमाण सेकंदासेकंदाला सांभाळत असतो. इथेनॉल मिसळलेले असेल तर हे प्रमाण थोडे खाली येते, आणि संगणक तेही आपोआप जुळवून घेतो.

आता न जळलेल्या पेट्रोलाचा हिशेब करून पाहू. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकानुसार पेट्रोल कारच्या धुरातील न जळलेले हायड्रोकार्बन दर किलोमीटरला ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नयेत. लीटरला १५ किलोमीटर देणारी गाडी दर किलोमीटरला साधारण ५० ग्रॅम पेट्रोल वापरते. म्हणजे कायद्याने परवानगी दिलेली कमाल मर्यादा गाठली, तरी बाहेर पडणारे न जळलेले इंधन पाचशेत एक भाग इतकेच आहे. काही भाग धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतो, तो इंजिनला उपयोगी पडत नाही, हे खरे आहे. तो धरला तरी हिशेब एक ते दोन टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. ज्यांना माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नसेल, त्यांनी आपल्या गाडीचे पीयूसी प्रमाणपत्र काढून पाहावे. त्यावर एचसी, म्हणजे हायड्रोकार्बन, या रकान्यात जो आकडा असतो, तो दहा लाख भागांत किती, या हिशेबाने छापलेला असतो. जे इंधन वाया जातच नाही, त्यातून तीस टक्के कोणी कसे वाचवणार?

इंजिन ऊर्जा वाया घालवत नाही, असे मला म्हणायचे नाही. पेट्रोलमधील ऊर्जेचा फार तर एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो, आणि उरलेला सगळा उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि एक्झॉस्टमधून निघून जातो. हे नुकसान कमी करण्यासाठी कंपन्या कॉम्प्रेशन वाढवतात, व्हॉल्व्हच्या वेळा बदलतात, हायब्रिड यंत्रणा बसवतात, आणि एकेका टक्क्यासाठी वर्षानुवर्षे झगडतात. नळीवर आवळलेल्या चुंबकाने हे काम होत असते, तर ते चुंबक कारखान्यातच बसवलेले आले असते, कारण ॲव्हरेजचा आकडा विक्रीसाठी किती महत्त्वाचा आहे हे कार कंपन्यांना चांगलेच ठाऊक आहे.

चुंबकाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. पेट्रोलचे रेणू चुंबकाला जवळजवळ दाद देत नाहीत, आणि नळीतून जाताना क्षणभर काही घडले असे मानले तरी पुढे इंजेक्टरच्या दाबाखाली फवारा होईपर्यंत त्याचा मागमूस उरत नाही. पंख्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तो काहीतरी करतो: तो हवेच्या वाटेत अडथळा आणतो. त्याने निर्माण केलेली भोवऱ्यासारखी गती थ्रॉटलच्या (आत जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या) पाकळीला, मॅनिफोल्डच्या वळणांना आणि व्हॉल्व्हला आदळून सिलिंडरपर्यंत पोचण्याआधीच विरते, आणि उरतो तो फक्त अडथळा. पत्रा ढिला होऊन एखादे पाते आत गेले तर होणारा खर्च पेट्रोलच्या कोणत्याही बचतीपेक्षा मोठा असेल.

हायड्रोजनच्या बाटलीकडे मात्र जरा सविस्तर पाहायला हवे, कारण शिकलेली माणसेही तिला भुलतात. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, आणि ते इंजिनमध्ये जळतात, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. प्रश्न विजेचा आहे. ही वीज अल्टरनेटरमधून येते, अल्टरनेटर पट्ट्याने इंजिनवर फिरतो, आणि इंजिन पेट्रोलवर चालते. समजा, असा संच २० अँपिअर घेतो, म्हणजे सुमारे २८० वॅट. इंजिनमधील आणि अल्टरनेटरमधील नुकसान धरले, तर एवढी वीज निर्माण करण्यासाठी दीड किलोवॉटहून अधिक ऊर्जेचे पेट्रोल जाळावे लागते. त्या विजेतून तयार होणाऱ्या हायड्रोजनमध्ये मात्र २०० वॅटच्या आतलीच ऊर्जा असते. दीड हजार देऊन दोनशे परत मिळवण्याच्या या व्यवहाराला बचत म्हणता येत नाही. विक्रेते म्हणतात की हायड्रोजनमुळे उरलेले पेट्रोल अधिक चांगले जळते. पण ते आधीच अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक जळत असते, हे आपण वर पाहिलेच.

सॉकेटमध्ये खोचायच्या प्लगचे आतील रूप मी गॅरेजमध्ये स्वतः पाहिले आहे. मित्राने बारीक स्क्रूड्रायव्हरने त्याचे दोन अर्धे भाग वेगळे केले, तेव्हा आत अंगठ्याच्या नखाएवढा सर्किट बोर्ड निघाला. त्यावर एक कपॅसिटर, दोन रेझिस्टर आणि निळा दिवा, एवढेच. वेष्टनावर लिहिले होते की हा प्लग विजेचा दाब स्थिर ठेवतो, ठिणगी बळकट करतो आणि त्यामुळे इंधन वाचते. गाडीची बॅटरी स्वतःच दाब स्थिर ठेवण्याचे काम करत असते, आणि तिच्या शेजारी तो चिमुकला कपॅसिटर काहीच भर घालू शकत नाही. ठिणगीची ताकद तर इंजिनचा संगणक इग्निशन कॉइलला किती वेळ वीज द्यायची हे ठरवून सांभाळतो. ओबीडीच्या डबीतही असेच आढळले. गाडीच्या संगणकाशी बोलण्यासाठी त्या सोळा पिनांच्या सॉकेटमधील सहा आणि चौदा क्रमांकाच्या पिना वापरल्या जातात, आणि आम्ही उघडलेल्या डबीत त्या दोन पिनांपासून बोर्डापर्यंत तांब्याची रेघच गेलेली नव्हती. वीज घेणाऱ्या पिना तेवढ्या जोडलेल्या होत्या, दिवा लुकलुकावा म्हणून. अशा डबीसोबत येणाऱ्या कागदावर जवळजवळ नेहमी एक सूचना असते: गाडीची सवय शिकायला यंत्राला काहीशे किलोमीटर लागतात, तोवर फरक जाणवणार नाही. तेवढे किलोमीटर होईपर्यंत वस्तू परत करण्याची मुदत बहुधा उलटून गेलेली असते.

अशा दाव्यांची सरकारी पातळीवर तपासणी झालेली आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७० च्या दशकापासून शंभराहून अधिक इंधन बचतीच्या वस्तू तपासल्या, आणि फार थोड्यांनी, तोही किरकोळ, फायदा दाखवला. काहींनी धूर वाढवला किंवा इंजिनला धोका निर्माण केला. आपल्याकडे पुण्यातील एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या घेते. गाडीचे ॲव्हरेज वाढवणारी वस्तू कोणी घेऊन आलाच, तर अशा संस्थेचा चाचणी अहवाल आहे का, एवढा एकच प्रश्न त्याला विचारावा. 'चाचणी केलेले' असा शिक्का आणि चाचणीचा अहवाल यांत फार अंतर आहे.

मग इतकी माणसे मनापासून शपथेवर सांगतात की फरक पडला, त्यांचे काय? ती खोटे बोलत नाहीत. मला या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो, आणि नागपूरच्या माणसाला तो समजायला सोपा आहे, कारण आपल्याकडे ऋतूच इतक्या टोकाचे असतात.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. काही वर्षी तो सत्तेचाळीसच्याही पुढे गेला आहे. उन्हात उभी असलेली गाडी आतून भट्टी झालेली असते, एसी पूर्ण वेगाने चालतो, आणि सीताबर्डी ते धंतोली अशा छोट्या फेरीत तर गाडी थंड होईपर्यंत घर येते. अतिशय उष्ण हवेत, विशेषतः छोट्या फेऱ्यांत, एसीमुळे ॲव्हरेज पंचवीस टक्क्यांहूनही अधिक घसरू शकते, असे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे म्हणणे आहे, आणि आपल्याकडचा अनुभव त्याच्याशी जुळतो. त्याच वेळी तापलेली हवा विरळ झालेली असते: पंचवीस अंशांच्या तुलनेत पंचेचाळीस अंशांवर हवेची घनता सुमारे सहा टक्क्यांनी कमी होते, आणि टर्बो (हवा दाबून आत भरणारी यंत्रणा) नसलेल्या इंजिनची शक्तीही जवळजवळ तेवढीच घटते. म्हणून मे महिन्यात गाडी जडावल्यासारखी वाटते आणि तेलही जास्त पिते. माणूस वैतागतो, आणि याच दिवसांत एखादी वस्तू विकत घेऊन लावतो. मग मृग लागतो, पाऊस येतो, पारा पंधरा अंशांनी उतरतो, एसी निम्म्यावर येतो, हवा दाट होते. ॲव्हरेज लीटरला दोन किलोमीटरने वाढते, पिकअप परत येतो, आणि श्रेय त्या डबीला मिळते. तीच वस्तू ऑक्टोबरमध्ये लावली आणि मेमध्ये मोजली, तर तिने ॲव्हरेज बिघडवले असे वाटले असते.

दुसरे कारण पायात असते. पैसे खर्च करून वस्तू लावली की माणूस आकड्याकडे लक्ष ठेवतो, आणि लक्ष ठेवणारा माणूस ॲक्सिलरेटर जपून दाबतो, सिग्नल लांबून पाहून पाय काढतो, ब्रेक कमी मारतो. गाडी आक्रमकपणे चालवली तर शहरातील वाहतुकीत दहा ते चाळीस टक्के आणि महामार्गावर पंधरा ते तीस टक्के ॲव्हरेज जाऊ शकते, असे त्याच ऊर्जा विभागाचे आकडे सांगतात. म्हणजे चालवण्यात झालेला थोडा बदलही वेष्टनावरचा दावा खरा ठरवायला पुरतो.

तिसरे कारण मोजण्याचे. टाकी फुल करून मोजण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण पंपाचे नोझल कधी लवकर बंद होते, कधी उशिरा. कधी गाडी उतारावर उभी असते, कधी कर्मचारी वरून आणखी थोडे भरतो. अर्ध्या ते एक लीटरचा फरक सहज पडतो, आणि तीस लीटरच्या भरण्यात एक लीटर म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक. एका टाकीवरून निष्कर्ष काढणाऱ्याला म्हणूनच काहीही दिसू शकते.

आमच्या गल्लीत राहणारे एक गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे भाऊ म्हणतो, रोज मनीषनगरहून बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला जातात. त्यांनी असा प्लग लावला होता, आणि ते मला आग्रहाने सांगत होते, "पाय ठेवला का गाडी उचलते आता. तूही लावून पाहा ना." त्यांच्याच संमतीने आम्ही एक साधी चाचणी केली. तसाच दुसरा प्लग आणला, त्याच्या आतला बोर्ड काढून टाकला आणि दिवा तेवढा जळेल अशी जोडणी केली. कोणता प्लग केव्हा लावला आहे हे फक्त गॅरेजवाल्या मित्राला ठाऊक होते, आणि तो ते मनाला येईल तेव्हा बदलत होता. रस्ता तोच, वेळ तीच, पंप तोच आणि नोझलही तेच. भाऊंना दोन्ही प्लगांसह गाडी चांगली उचलत असल्याचे जाणवले, आणि दोन प्लगांच्या ॲव्हरेजमधील फरक त्यांच्या जुन्या वहीत कोणताही प्लग नसताना एका टाकीपासून दुसऱ्या टाकीपर्यंत जेवढा पडत होता, त्याहून मोठा नव्हता. भाऊ प्रामाणिक माणूस आहेत. निकाल पाहिल्यावर त्यांनीच मला सांगितले की हे लिही, लोकांना कळू दे. वस्तू लावणे, काढणे, पुन्हा लावणे, आणि चालवणाऱ्याला ते कळू न देणे, एवढी शिस्त पाळली तर घरच्या घरीही बरेच सत्य हाती लागते.

आता शक्तीविषयी. इथे चित्र अगदी एकरंगी नाही, कारण काही वस्तू खरोखर शक्ती वाढवतात, आणि काही फक्त तशी जाणीव देतात. दुसऱ्या प्रकारातील सर्वांत लोकप्रिय वस्तू म्हणजे ॲक्सिलरेटरच्या पेडलला जोडायचा थ्रॉटल कंट्रोलर. आजच्या गाड्यांत पेडल आणि इंजिन यांच्यामध्ये केबल नसते. पेडलवरचा सेन्सर संगणकाला सांगतो की चालकाने किती दाबले आहे. हा कंट्रोलर त्या दोघांच्या मध्ये बसतो आणि निरोप वाढवून सांगतो: पाय तीस टक्के दाबला असेल, तर तो पन्नास टक्के कळवतो. गाडी ताबडतोब चपळ वाटू लागते, आणि ही जाणीव खोटी नसते, कारण कमी दाबात जास्त थ्रॉटल उघडतो. परंतु पेडल पूर्ण दाबले की शंभराचे शंभरच होतात, आणि इंजिनची कमाल शक्ती पूर्वीइतकीच राहते. ज्याला पेडल अधिक तिखट हवे असेल, त्याने ते जाणूनबुजून घ्यावे. शक्ती वाढली असे समजून घेऊ नये, आणि ॲव्हरेज वाढेल अशी अपेक्षा तर मुळीच करू नये. काही गाड्यांतील स्पोर्ट मोड बऱ्याच अंशी हेच काम फुकट करतो.

इंजिनच्या संगणकातील नकाशे (केव्हा किती इंधन द्यायचे वगैरे ठरवणारी कोष्टके) बदलणे, म्हणजे रिमॅप, ही मात्र खरी गोष्ट आहे. टर्बो असलेल्या डिझेल किंवा पेट्रोल इंजिनात टर्बोचा दाब आणि इंधन वाढवून वीस टक्क्यांच्या आसपास जादा शक्ती मिळवता येते, आणि ती रोलरवर मोजून दाखवता येते. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात हाच खर्च करून हाती फारसे लागत नाही, कारण हवा तेवढीच आत येते. कंपनी जी शक्ती राखून ठेवते, ती विसरून ठेवलेली नसते. हलक्या प्रतीचे इंधन, शेचाळीस अंशांची दुपार, पाच माणसे, सामान आणि चिखलदऱ्याचा घाट, हे सारे एकाच वेळी आले तरी इंजिन, क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्स टिकावे म्हणून ते अंतर ठेवलेले असते. थंड प्रदेशातील गाडीवर यशस्वी ठरलेला रिमॅप विदर्भाच्या उन्हाळ्यात तसाच वागेल, असे मी तरी कोणाला सांगणार नाही. वॉरंटी जाते, ती वेगळीच.

एअर फिल्टरविषयी एक गैरसमज जवळजवळ सर्वमान्य आहे. फिल्टर तुंबला की ॲव्हरेज घसरते आणि जास्त हवा सोडणारा महागडा फिल्टर लावला की ते वाढते, असे गॅरेजमध्येही सांगितले जाते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासून दाखवले, की आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेजवर लक्षणीय परिणाम होत नाही, कारण संगणक हवेच्या प्रमाणातच इंधन देतो. परिणाम होतो तो पूर्ण थ्रॉटलवरच्या वेगवृद्धीवर. म्हणून फिल्टर वेळेवर बदलावा तो इंजिन धुळीपासून वाचवण्यासाठी. रस्त्यांची कामे चालू असताना आपल्या शहरात जी सिमेंटची बारीक धूळ उडते, ती पाहता हवा सहज सोडणारा पण धूळ कमी अडवणारा फिल्टर हा इथे तोट्याचाच सौदा आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या मूळ वैशिष्ट्यांपासून दूर जाणारा बदल मालकाला परवानगीशिवाय करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका पुन्हा स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सॉकेटमधला प्लग यात येत नाही. सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे मात्र नक्की येते.

ज्यांना खरोखर इंधन वाचवायचे आहे, त्यांच्यासाठी सर्वांत मोठी जागा वेगात आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून अनेकजण मला विचारतात, की इतका सरळ, सिग्नल नसलेला रस्ता असूनही गाडी जुन्या रस्त्यापेक्षा कमी ॲव्हरेज का देते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १२० वर गेले की हवा गाडीला सव्वादोन पट जोराने मागे ओढते, आणि त्या वेगात हवा ढकलण्यासाठी लागणारी शक्ती तर तिपटीहून अधिक होते. ॲव्हरेजची प्रमाणित चाचणीदेखील रोलरवर, जास्तीत जास्त ताशी ९० किलोमीटर वेगाने आणि एसी बंद ठेवून घेतली जाते. समृद्धीवर कमाल मर्यादेऐवजी ९० ते १०० चा वेग धरला तर शिर्डीला पोचायला तासभर उशीर होईल, पण पेट्रोलमध्ये जो फरक पडेल तो कोणत्याही डबीने कधीही दिलेला नाही. छतावरची कॅरिअर पेटीही तेवढ्यापुरती लावावी आणि काम झाले की काढावी, कारण मोठी पेटी महामार्गावर सहा ते सतरा टक्के ॲव्हरेज खाते.

टायरच्या हवेचा फायदा लहान आहे, पण तो हक्काचा आहे. दर एक पीएसआय कमी हवेमागे सुमारे ०.२ टक्के ॲव्हरेज जाते. चारही टायरांत आठ-आठ पीएसआय कमी असेल, तर दीड टक्क्याहून अधिक गेलेच, आणि उन्हाळ्यात कमी हवेचा टायर तापून फुटण्याचा धोका त्याहून गंभीर आहे. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासावी. दुपारी तापलेल्या टायरातील दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडून देणे चुकीचे आहे, कारण कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देताना लक्षात ठेवावे की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजनने दाब थोडा सावकाश उतरतो, म्हणून जो नियमित तपासत नाही त्याला त्याचा किंचित उपयोग होतो. ॲव्हरेजला होतो तो योग्य दाबाचा, वायूच्या नावाचा नाही.

एसीच्या बाबतीत गाडी सावलीत लावणे, काचांवर पडदा ठेवणे, आणि निघताना पहिली दोन मिनिटे काचा खाली करून तापलेली हवा बाहेर जाऊ देणे, एवढ्याने कॉम्प्रेसरचा बराच भार कमी होतो. मे महिन्याच्या दुपारी एसी बंद ठेवा, असे मी कोणालाही सांगणार नाही. ते आरोग्याला परवडणारे नाही.

एवढे करूनही ॲव्हरेज एकाएकी आणि खूप घसरले असेल, तर गॅरेजमध्ये ब्रेक अडकलेला नाही ना, इंजिनचे तापमान राखणारा थर्मोस्टॅट उघडाच राहिलेला नाही ना आणि ऑक्सिजन सेन्सर ठीक आहे ना, हे तपासून घ्यावे. पंपावर कमी भरल्याची शंका असेल, तर प्रत्येक पंपावर प्रमाणित पाच लीटरचे माप असते, आणि ग्राहकाने मागितले तर ते त्याच्यासमोर भरून दाखवणे पंपचालकावर बंधनकारक आहे. आणि ज्यांनी तीस टक्क्यांच्या दाव्यावर विश्वास ठेवून वस्तू आधीच घेतली आहे, त्यांनी बिल, वेष्टन आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, मग वस्तू तीनशे रुपयांची असो की तीन हजारांची.